चिनी मैत्रिणीला इंग्रजी शिकवायला बसताय? शब्द आणि वाक्प्रचार कुठून सुरू करायचे

परदेशात राहणाऱ्या आपल्या लोकांवर ही वेळ हमखास येते. शेजारी चिनी कुटुंब असतं, नाहीतर ऑफिसात चिनी कलीग असते, ओळख वाढते आणि एक दिवस ती विचारते की आठवड्यातून एकदा माझ्याशी इंग्रजी बोलशील का. आपण हो म्हणतो, आणि मग प्रश्न पडतो की आता शिकवायचं काय, कारण आपण काही शिक्षक नाही. मी टोरोंटोजवळ मार्कमला राहते, इथे चिनी भाषिक प्रचंड आहेत, आणि गेली सात-आठ वर्षं मी शेजारणींशी, त्यांच्या बहिणींशी, एका नर्सशी असं बसत आलेय. त्यातून जे हाती लागलं ते नवीन सुरुवात करणाऱ्यांसाठी लिहितेय. हे सगळं मँडरिन बोलणाऱ्यांबद्दल आहे. चिनी शब्द देवनागरीत जमतील तसे लिहिलेत, सूर काही लिहिता येत नाहीत, ते मैत्रिणीकडून ऐकून घ्या.

आधी हे समजून घ्या की तिला शब्द येतात

पहिली चूक इथेच होते, आपण ॲपल-बॉलपासून सुरू करतो. चीनमध्ये २००१ च्या सरकारी निर्देशानंतर इंग्रजी तिसरीपासून आलं, त्याआधीही हायस्कूलला होतंच, आणि कॉलेज प्रवेशाच्या काओखाओ परीक्षेत बहुतेक प्रांतांत ७५० पैकी १५० मार्क इंग्रजीचे असतात. कॉलेजात पुन्हा कॉलेज इंग्लिश टेस्ट, तिची लेव्हल चार १९८७ मध्ये सुरू झाली. म्हणजे शिकलेली बाई असेल तर तिने हजारो शब्द पाठ केलेले असतात, आणि पाठ म्हणजे खरंच पाठ. शब्दांच्या याद्या ए पासून सुरू होत असल्यामुळे ‘अबँडन’ हा शब्द तिथल्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असतो. याला त्यांच्यात ‘पेय तान-त्स’ म्हणतात, म्हणजे शब्दांची घोकंपट्टी. आणि एवढं करून बोलता येत नाही, या अवस्थेलाही त्यांच्याकडे नाव आहे, ‘या-पा यिंग-यू’, मुकं इंग्रजी. ही गोष्ट त्यांना मनापासून लागते, त्यामुळे पहिल्या दिवशी तिची परीक्षा घेऊ नका.

माझ्या शेजारणीचं उदाहरण सांगते, कारण मला सगळं तिथेच कळलं. ती अकाउंटंट, वाचन दांडगं. एका सकाळी दारात आली आणि म्हणाली, ‘माय किचन वॉटर इज ऑब्स्ट्रक्टेड.’ मला दोन सेकंद लागले. मग तिने मला घरात नेलं तर सिंक तुंबलेलं, पाणी वर आलेलं. प्लंबरला फोन करायचा होता आणि तिला ‘क्लॉग्ड’ हा साधा शब्द येत नव्हता, ‘ऑब्स्ट्रक्ट’ मात्र स्पेलिंगसकट पाठ. मग बोलता बोलता कळलं की चिनीत यासाठी एकच शब्द आहे, ‘तू’. सिंक तुंबलं तरी तू, नाक चोंदलं तरी तू, रस्त्यावर गाड्या अडकल्या तरी तू. इंग्रजीत मात्र ड्रेन क्लॉग्ड होतो, नाक स्टफी होतं आणि रस्ता जॅम होतो. आता आपली मराठी बघा, मोरी तुंबते, नाक चोंदतं, रस्ता अडतो. नाक तुंबलं असं कुणी म्हणालं तर आपल्याला कळेल, पण कानाला खटकेल. तिच्या इंग्रजीत जे खटकतं ते नेमकं हेच असतं. शब्द आहेत, कुठला शब्द कुणाच्या शेजारी बसतो ते माहीत नाही. त्यामुळे तुमचं काम नवीन शब्द ओतण्याचं फार कमी आणि आहेत त्या शब्दांच्या जोड्या लावून देण्याचं जास्त.

पायरी १: वही करा, पण शब्दांची नाही, जोड्यांची

एक साधी वही घ्या. डाव्या बाजूला ती चिनी शब्द लिहील, उजव्या बाजूला त्या एका शब्दाची इंग्रजीत जितकी रूपं होतात ती सगळी, आणि प्रत्येक रूप पूर्ण तुकड्यात. नुसतं ‘टर्न ऑन’ लिहायचं नाही, ‘टर्न ऑन द लाइट’ लिहायचं.

सुरुवात या चार क्रियापदांनी करा, कारण रोजच्या निम्म्या चुका इथून येतात. पहिलं ‘खाय’, म्हणजे उघडणे. दार खाय, दिवा खाय, गाडी खाय, मीटिंग पण खाय. म्हणून ती ‘ओपन द लाइट’ म्हणते. इंग्रजीत दार ओपन, दिवा टर्न ऑन, गाडी ड्राइव्ह, मीटिंग होल्ड. दुसरं ‘खान’, बघणे, पण पुस्तकही खान आणि टीव्हीही खान, त्यामुळे ‘लुक बुक’ येतं. तिसरं ‘च्ये’, यात उसनं देणं आणि उसनं घेणं दोन्ही येतं, म्हणून ‘कॅन यू बॉरो मी युअर पेन’ असं ऐकू येतं. चौथं ‘श्वो’, बोलणे, याच्या जागी से, स्पीक, टेल, टॉक यातलं काय टाकायचं हा गोंधळ वर्षानुवर्षं जात नाही, धीर धरा.

तिला वाईट वाटायला लागलं तर आपलं ‘लावणे’ सांगा. दार लाव म्हणजे बंद कर आणि दिवा लाव म्हणजे सुरू कर, एकच क्रियापद आणि अर्थ उलटे, वर चहाला आधण लाव, मुलाला शिस्त लाव, लग्नाला हजेरी लाव. मी हे सांगितल्यावर शेजारीण खूप वेळ हसली आणि मग तिनेच वहीत आणखी दोन चिनी क्रियापदं आणून लिहिली.

विशेषणांच्या जोड्याही याच वहीत. चिनीत पाऊस ‘मोठा’ असतो, इंग्रजीत हेवी. चहा तिथे दाट, इंग्रजीत स्ट्राँग. आणि ज्याला इंग्रजीत ब्लॅक टी म्हणतात तो त्यांच्याकडे ‘होंग-छा’, म्हणजे लाल चहा, कारण त्यांनी रंग पाण्याचा बघितला आणि इंग्रजांनी पानाचा. एकदा हॉटेलात आमच्यातल्या एकीने रेड टी मागितला आणि तिला भलतंच काहीतरी हर्बल आलं, तेव्हापासून तो शब्द कुणी विसरलं नाही.

पायरी २: मोठे शब्द तोडून दाखवा

चिनी शब्द बघितले तर ते डब्यांसारखे एकाला एक जोडलेले असतात. कॉम्प्युटर म्हणजे वीज-मेंदू, ट्रेन म्हणजे आग-गाडी, मोबाइल म्हणजे हात-यंत्र. बीफ म्हणजे सरळ गाय-मांस, पोर्क डुक्कर-मांस. जानेवारी म्हणजे एक-महिना, फेब्रुवारी दोन-महिना. अशा भाषेतून आलेल्या माणसाला इंग्रजी अन्यायकारक वाटते, कारण प्रत्येक गोष्टीला वेगळं नाव, कशाचा कशाशी संबंध दिसत नाही. गोठ्यात काऊ आणि ताटात बीफ का, याचं उत्तर आहे, १०६६ नंतर इंग्लंडवर फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मन लोकांचं राज्य आलं आणि जेवणाच्या टेबलावरचे कितीतरी शब्द फ्रेंचमधून आले. हे एवढं सांगितलं तरी डोक्यातला राग कमी होतो.

पण कठीण, वैद्यकीय, ऑफिसच्या शब्दांमध्ये इंग्रजीसुद्धा डबे जोडते, आणि हे शाळेत फारसं दाखवलेलं नसतं. आमची नर्स मैत्रीण लायसन्सच्या परीक्षेला बसत होती, तिला मी एवढंच म्हटलं की शेवटी ‘आयटिस’ दिसलं की तुमचा ‘येन’ समज, म्हणजे सूज, दाह. हेपटायटिस म्हणजे यकृत-येन, आर्थ्रायटिस म्हणजे सांधा-येन, रायनायटिस म्हणजे नाक-येन. तिच्या भाषेत ते शब्द अगदी तसेच बनतात. एका संध्याकाळी आम्ही वीसेक शब्द तोडले. ‘ऑलॉजी’ म्हणजे ‘श्वे’, शास्त्र. चिनी अक्षरांमध्ये जसे मूळ घटक असतात, पाण्याचे तीन थेंब दिसले की नदी-तलाव-समुद्र असं काहीतरी पाण्याचं असणार, तसंच हे. १७१६ च्या खांग-शी शब्दकोशात असे २१४ घटक धरलेत आणि चिनी मुलं त्यांच्या आधाराने अक्षरं शोधायला शिकतात, म्हणजे ही सवय तिला आहेच, तुम्ही फक्त इंग्रजीत ती कुठे वापरायची ते दाखवायचंय.

पायरी ३: अप, आउट, ऑफ वाली क्रियापदं

यूज अप, कम अप विथ, फिगर आउट, पुट ऑफ. चिनी भाषिक ही टाळतात. ‘पोस्टपोन’ म्हणतील, ‘पुट ऑफ’ नाही म्हणणार, त्यामुळे बोलणं अर्जासारखं वाटतं. आणि याद्या देऊन पाठ करायला सांगितलं तर परत तीच घोकंपट्टी.

इथे आपली मराठी फार उपयोगी पडते. चिनीत क्रियापदाच्या मागे एक छोटा शब्द लागतो आणि काम पूर्ण झालं की नाही ते सांगतो. ‘छ्’ म्हणजे खाणे, ‘छ्-क्वांग’ म्हणजे खाऊन टाकणे, काही उरलं नाही. ‘युंग-वान’ म्हणजे वापरून संपवणे. मराठीत आपण खाऊन टाक, पिऊन टाक, संपवून टाक म्हणतो, ते ‘टाक’ फेकायचं नसतं, काम पुरं झाल्याचं असतं. इंग्रजीतलं ईट अप, ड्रिंक अप, यूज अप मधलं अप तेच आहे, ते वर वगैरे नाही. तिला सांगा की हे अप म्हणजे तुझं क्वांग. मग क्लीन अप, फिनिश अप, डोळ्यासमोर येतात. सगळी क्रियापदं यात बसत नाहीत हे खरं, ‘पुट अप विथ’ चं अप वेगळंच, ती तशीच वाक्यासकट लक्षात ठेवायची. पण बसतात त्यांच्यापासून सुरू केलं तर भीती जाते.

पायरी ४: वाक्प्रचार, आणि इथे घाई नको

हा भाग मला सगळ्यात आवडतो आणि इथेच सगळ्यात जास्त नुकसान होताना बघितलंय.

चिनीत ‘छंग-यू’ नावाचा प्रकार असतो, बहुतेक वेळा चार अक्षरी, हजारो आहेत, आणि बऱ्याच जणांच्या मागे जुनी गोष्ट. निबंधात, भाषणात छंग-यू पेरणं हे सुशिक्षितपणाचं लक्षण. त्यामुळे ती तीच अपेक्षा घेऊन इंग्रजीकडे येते, ऑफिसच्या ईमेलमध्ये ‘एव्हरी कॉइन हॅज टू साइड्स’ आणि ‘ॲज द सेइंग गोज’ लिहिते. इंग्रजीत याचा परिणाम उलटा होतो, घासून गुळगुळीत झालेला वाक्प्रचार लिहिलेला दिसला की वाचणाऱ्याला शाळेचा निबंध आठवतो. आपणही शाळेत ‘इट्स रेनिंग कॅट्स अँड डॉग्स’ शिकलो, आणि इथे इतक्या वर्षांत मी ते कुणाच्या तोंडून सहज आलेलं ऐकलं नाही. म्हणून माझा नियम असा की वाक्प्रचार आधी ऐकून समजायला शिकायचे, वापरायचे खूप नंतर, आणि ज्या माणसांत ऐकला त्या माणसांतच आधी वापरायचा.

समजण्यासाठी तीन ढीग करा.

पहिला ढीग, चित्र सेम, अर्थ सेम. भिंतींना कान असतात, हे तिघींकडे आहे, चिनी, मराठी, इंग्रजी. तापलेल्या लोखंडावर घाव घालणं, आगीत तेल ओतणं, हेही. एका दगडात दोन पक्षी, चिनीत एका बाणात दोन गरुड. हे फुकट मिळतात, एका दिवसात दहा करा.

दुसरा ढीग, अर्थ तोच पण चित्र वेगळं. ‘स्पीक ऑफ द डेव्हिल’ साठी चिनीत म्हणतात, त्साओ त्साओचं नाव काढलं आणि त्साओ त्साओ हजर. हा खरा सेनापती, हान राजवटीच्या शेवटच्या काळातला. आपण म्हणतो शंभर वर्षं आयुष्य आहे तुला. ‘पीस ऑफ केक’ म्हणजे त्यांची छोटी बशीभर भाजी. ‘व्हेन इन रोम’ म्हणजे गावात शिरलास की गावचा रिवाज पाळ, आपला देश तसा वेश. गाढवापुढे वाचली गीता, त्यांच्याकडे गायीपुढे वीणा वाजवतात, इंग्रजीत डुकरापुढे मोती टाकतात. ‘सिक्स ऑफ वन, हाफ अ डझन ऑफ द अदर’ साठी त्यांचं अर्धा चिन, आठ ल्यांग, कारण जुन्या मापात एका चिनचे सोळा ल्यांग होते. या ढिगात तिला तिची म्हण सांगू द्या, तुम्ही मराठी सांगा, आणि मग दोघींनी मिळून इंग्रजी शोधा. विहिरीतला बेडूक निघाला त्या दिवशी तर मी खुर्चीतून उठलेच, त्यांचा ‘चिंग-ती-च-वा’ म्हणजे शब्दशः आपला कूपमंडूक.

तिसरा ढीग फसवा, चित्र जवळपास सेम आणि अर्थ सरकलेला. इथे वेळ द्या. चिनीत ‘फो-फू छन-चोउ’ आहे, हंड्या फोडल्या आणि नावा बुडवल्या. इ.स.पू. २०७ मध्ये श्यांग यू या सेनापतीने नदी ओलांडल्यावर सैन्याच्या स्वयंपाकाच्या हंड्या फोडायला लावल्या, नावा बुडवल्या, म्हणजे परत फिरायची सोयच ठेवली नाही. सिंहगडावर दोर कापल्याची गोष्ट ऐकत वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. पण आमच्यातल्या एकीने हे इंग्रजीत ‘बर्न युअर ब्रिजेस’ ला जोडलं, आणि नवीन नोकरीच्या इंटरव्ह्यूत अभिमानाने सांगून आली की जुनी नोकरी सोडताना आय बर्न्ड माय ब्रिजेस. तिला म्हणायचं होतं की मी पूर्ण निश्चयाने आलेय, आणि समोरच्याने ऐकलं की ही जुन्या लोकांशी संबंध बिघडवून आलेय. ती नोकरी तिला मिळाली नाही. कारण तेच होतं की दुसरं काही ते कळायला मार्ग नाही, पण मी तिला ते आधी सांगायला हवं होतं असं मला आजही वाटतं. त्यामुळे शौर्य, राग, मत्सर, पैसा यावरचा कुठलाही वाक्प्रचार असला की आधी विचारा, हा कौतुकाचा आहे की दोष काढायचा.

रंगांचंही असंच. मत्सराने चिनीत डोळे लाल होतात, इंग्रजीत माणूस हिरवा होतो. आणि नवरा-बायकोच्या संशयात ‘व्हिनेगर खाल्लं’ म्हणतात. खाण्यावरून तर त्यांचं आपल्याशी चांगलं जुळतं, कष्ट सोसणं म्हणजे कडू खाणं, नुकसान होणं म्हणजे तोटा खाणं, आपण मार खातो, पैसे खातो, भाव खातो. इंग्रजीत ‘ईट’ असं मोकळं वापरता येत नाही हे तिला एकदा स्पष्ट सांगून टाका. आणखी एक, तुमच्यापैकी कुणी पुरुष असाल आणि चिनी मित्राला टोपी भेट देणार असाल तर हिरवी देऊ नका, हिरवी टोपी घालणे म्हणजे बायकोने फसवलेला नवरा.

तिचा आत्मविश्वास खचला की तिला सांगा की इंग्रजीने तुमच्याकडूनही घेतलंय. लूज फेस, पेपर टायगर, ब्रेनवॉश हे चिनीतून शब्दशः आलेत. गंग-हो, म्हणजे भलताच उत्साही, हे चिनी औद्योगिक सहकारी संस्थांच्या नावाच्या लघुरूपातून दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन मरीन्सकडे गेलं. आणि हाँगकाँगचं ‘ॲड ऑइल’, म्हणजे ‘च्या-योउ’, लगे रहो, हे २०१८ मध्ये ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीत आलं. मी हे सांगितलं तेव्हा शेजारणीने लगेच फोन काढून आईला मेसेज केला.

पायरी ५: रोजचे शिष्टाचाराचे शब्द

थोडक्यात सांगते. ‘जेवलात का’ हे तिथेही अभिवादन आहे, निघताना ‘सावकाश जा’ तिथेही म्हणतात, त्यामुळे आपल्याशी ती हे इंग्रजीत बोलली तरी आपल्याला गोड वाटतं, पण कॅनेडियन माणूस ‘हॅव यू ईटन’ ऐकून जेवणाचं आमंत्रण समजतो. कौतुक केलं की जुनी पद्धत ‘नाली नाली’ म्हणायची, म्हणजे कुठे, कुठे, कसलं काय. इंग्रजीत नुसतं थँक यू पुरे. मोठ्या माणसांनी ‘कम टु माय होम टु प्ले’ म्हणायचं नाही, ‘हँग आउट’ म्हणायचं. नकारार्थी प्रश्नाला ‘यस, आय डोन्ट लाइक’ हे उत्तर आपणही देतो, हो, नाही आवडत, तेव्हा हे दोघींनी मिळून सुधारा. आणि आकडे, त्यांचा हिशोब दहा हजारांच्या पटीत चालतो, आपला लाख-कोटीत, मिलियन म्हटलं की दोघीही क्षणभर थांबतो. त्यांचे शंभर दहा-हजार म्हणजे आपले दहा लाख म्हणजे एक मिलियन, हे कागदावर लिहून फ्रिजवर लावा.

पायरी ६: चुका कशा सांगायच्या

चारचौघांत नाही. ‘म्येन-त्झ’, म्हणजे चेहरा, इज्जत, ही खरी गोष्ट आहे. बोलताना अडवू नका, तीन चुका लिहून ठेवा आणि शेवटी एकांतात सांगा, तीनच. ही आणि शी ची गल्लत तर रोज होणार, कारण चिनीत बोलताना दोन्हीला ‘ता’ च म्हणतात, लिहिताना अक्षर बदलतं, तेव्हा ती मोजत बसू नका.

‘समजलं का’ असं विचारू नका, उत्तर हो च येईल. त्याऐवजी म्हणा, हेच आता प्लंबरला फोनवर कसं सांगशील, सांग. तिथे सगळं कळतं.

पायरी ७: आठवड्याचं वेळापत्रक

एक भेट, तासाभराची, आणि सात जोड्या. सातच, जास्त नको, तिची यादी करायची सवय दांडगी असते आणि ती वीस मागेल, देऊ नका. मग रोज एका जोडीवर वीचॅटवर, म्हणजे त्यांच्या व्हॉट्सॲपसारख्या ॲपवर, आवाजी मेसेज, तिथे एक मेसेज साठ सेकंदांचा असतो, तेवढाच पुरतो. त्या दिवशी खरं घडलेलं काहीतरी त्या जोडीत बसवून सांगायचं. तुम्ही उत्तरात तेच वाक्य नैसर्गिक करून परत म्हणायचं, चूक अशी होती वगैरे काही नाही. उजळणीसाठी अँकीसारखं ॲप चालेल, फक्त कार्डावर एकटा शब्द टाकायला बंदी, पूर्ण वाक्य पाहिजे.

आणि पहिली भेट स्वयंपाकघरात ठेवा. टेबल-खुर्ची-वही मांडली की तिची परीक्षेची भीती जागी होते, ओट्याशी उभं राहिलं की हात चालतात आणि तोंडही चालतं. इथे तिच्याकडे आपल्यासारखेच शब्द भरपूर आहेत आणि इंग्रजीकडे कमी. परतणे म्हणजे ‘छाओ’, थोड्या तेलावर भाजणे म्हणजे ‘च्येन’, तळणे म्हणजे ‘चा’, आणि इंग्रजीत तिन्हीकडे फ्राय, स्टर-फ्राय, पॅन-फ्राय, डीप-फ्राय. भिजत घालणे सोक, विसळणे रिन्स, निथळणे ड्रेन, मंद आचेवर ठेवणे सिमर. कांदा तिच्या हातात द्या, कढई तुम्ही घ्या, आणि जे करताय ते मोठ्याने इंग्रजीत सांगत जा, दहा मिनिटांनी ती सांगेल आणि तुम्ही करा.